दातवाल्या गव्हर्नरचा पंखा

ओझेला विन्फील्डला येशूचे बारा शिष्य ओळीने सांगता येत नाहीत. सात-आठांवर गाडी अडते. राज्याचे गव्हर्नर मात्र तिला कधीही विचारा. कोण कुठल्या जानेवारीत शपथ घेऊन आला, कोण कुठल्या जानेवारीत सामान बांधून गेला, कुणाच्या काळात अर्ज दोन पानी होता आणि कुणाच्या काळात तेरा पानी, सगळं तोंडपाठ. बाई राजकारणातली नाही. एकवीस वर्षं प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधते आणि रविवारी न्यू हेब्रन चर्चची चूल सांभाळते. वय अठ्ठावन्न, गुडघे तिच्याहून म्हातारे.

गव्हर्नर पाठ झाले ते रागाने. राग माणसाला पाठांतर फार चांगलं शिकवतो.

आमच्या राज्यातला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, राज्याचा कारभार त्याच्या हातात. पण त्याला चारच वर्षं. चार वर्षं झाली की उठायचं, लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायचं नाही. बाकीच्या राज्यांत आठ-आठ वर्षं ठाण मांडून बसतात, आमच्याकडे नाही. लोकांना याचा केवढा अभिमान! शाळेत मास्तर सांगतात, आपल्याकडे कुणी राजा होत नाही. ओझेला म्हणते, "राजा होत नाही हे खरं. पण जाब विचारायला गेलं की खुर्चीत दुसराच माणूस बसलेला असतो, हेही खरं."

त्याच कायद्याच्या पुस्तकात आणखी एक कलम आहे. ज्याला मोठ्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली, त्याचं मत कायमचं गेलं. शिक्षा भोगा, सुटून या, वीस वर्षं सरळ वागा, मत परत नाही. ते परत देण्याचा अधिकार एकाच माणसाला, गव्हर्नरला. त्याची सही झाली तर तुम्ही पुन्हा नागरिक. आता ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून बघा. सही एकाच पेनची, आणि ते पेन दर चार वर्षांनी नव्या हातात. नवा हात आला की नवा नियम, नवा अर्ज, नवा कारकून. ज्यांनी हे लिहिलं ते मूर्ख होते असं मला वाटत नाही. त्यांना नेमकं ठाऊक होतं की कुणाला ताटकळत ठेवायचं आहे.

ओझेलाचा मोठा गुन्हा म्हणजे भाजीच्या भांड्याचं झाकण.

ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. रविवारची दुपार, चुलीवर कोलार्डची पालेभाजी रटरटत होती. धाकटा भाऊ लॉन्झो याच्यावर वाहतुकीच्या खटल्याच्या तारखा चुकवल्याचं वॉरंट होतं. शेरीफचा डेप्युटी, म्हणजे जिल्ह्याचा पोलीस, आला तो दार न वाजवता स्वयंपाकघरातून सरळ आत घुसला, जाता जाता त्याच्या कोपराने आईला भिंतीवर ढकललं. ओझेलाच्या हातात बिडाचं झाकण होतं. तिने ते खाली ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. डेप्युटीच्या मनगटाचं हाड तडकलं.

सरकारने दिलेला वकील तिच्याशी अकरा मिनिटं बोलला. म्हणाला, "गुन्हा कबूल करून टाका, सहा महिन्यांत घरी." सहा महिन्यांत ती घरी आली, हेही खरं. मताचं काय होणार ते त्याने सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही विचारलं नाही. कारण अठराव्या वर्षापासून एकतिसाव्यापर्यंत तिने एकदाही मत दिलं नव्हतं. दर नोव्हेंबरला आई टोपी घालून तयार व्हायची आणि म्हणायची, "झेला, चल." झेला म्हणायची, "डबल पाळी झालीय गं. पुढच्या वेळी येते." असे तेरा नोव्हेंबर गेले.

आईला, आयडेला विन्फील्डला, ते फार लागायचं. तिच्या तरुणपणी आमच्या काळ्या लोकांना मत द्यायचं तर आधी डोईपट्टी भरावी लागे. दीड डॉलर आजच्या माणसाला हसण्यासारखा वाटेल, तेव्हा तो आठवड्याचा किराणा होता. ती पट्टी कोर्टाने रद्द केली त्याच वर्षी आयडेलाने पहिलं मत दिलं. एकोणतीस वर्षांची होती आणि सहा महिन्यांचं पोट होतं. पोटात ओझेला. म्हातारी अजून सांगते, "ही एकदाच माझ्याबरोबर मत द्यायला आली. तीही फुकट, आणि आतून लाथा मारत."

तुरुंगातून सुटल्यावर पहिल्याच नोव्हेंबरला ओझेला आईच्या आधी तयार होऊन बसली. सहा महिने कुणीतरी आपल्यासाठी दारं उघडतं-लावतं, तेव्हा माणसाला दाराची किंमत कळते. दोघी अग्निशमन केंद्रात गेल्या, तिथेच आमचं मतदान होतं. टेबलावरच्या बाईने यादीवर पट्टी फिरवली, पुन्हा फिरवली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं नाव काढून टाकलंय." मागे रांगेत तिच्या ओळखीच्या बाया उभ्या होत्या.

तेव्हापासून ती आईला गाडीने घेऊन जायची आणि स्वतः बाहेर थांबायची. केंद्राच्या दारापासून चाळीस फुटांवर जमिनीवर रेघ मारलेली असते, प्रचार करायचा तो रेघेच्या बाहेर. ओझेला रेघेच्या बाहेर उमेदवारांचे फलक धरून उभी राहायची, लोकांना गाड्यांतून आणायची, म्हाताऱ्यांना हात देऊन रेघेपर्यंत सोडायची. पुढे ते आत जायचे. आई बाहेर आली की 'मी मत दिलं' असं लिहिलेली, आत मिळालेली गोल चिकटी, म्हणजे स्टिकर, गाडीच्या पुढच्या फळीवर लावायची. कपड्यांवर कधी लावली नाही. म्हणायची, "आपल्या दोघींची गाडी आहे. दोघींची म्हणून इथे लावते." त्या गोल चिकट्यांची रांग काचेखालून स्टेअरिंगपर्यंत आली. ओझेलाला गाडी चालवताना त्या दिसायच्या आणि दर वेळी दात आवळले जायचे.

तिने अर्ज केले नाहीत असं कुणी म्हणू नये. पहिला अर्ज तेरा पानी, वर तीन प्रतिष्ठित माणसांची शिफारसपत्रं. तेवढ्यासाठी सुटकेनंतर पाच वर्षं थांबायचा नियम होता, ती थांबली. अर्ज राजधानीत जाऊन पडला. अडीच वर्षांनी जाड पुठ्ठ्याच्या लिफाफ्यातून परत आला: माननीय गव्हर्नरांचा कार्यकाळ संपला आहे, नव्या कार्यालयाकडे नव्याने अर्ज करावा.

नव्याने केला. नव्या साहेबांनी पाने कमी केली, कागद वाढवले. कोर्टाची शिक्क्याची प्रत आणा, प्रोबेशन अधिकाऱ्याची सही आणा. प्रोबेशन अधिकारी मरून गेला होता. तसं तिने लिहून पाठवलं. पुन्हा तोच पुठ्ठ्याचा लिफाफा: अधिकाऱ्यावर हल्ला हा हिंसक गुन्ह्यांच्या वर्गात मोडतो, आणखी वाट पाहावी.

तिसऱ्या गव्हर्नरच्या वेळी तिला खरंच आशा वाटली होती. माणूस टीव्हीवर म्हणाला होता, ज्यांनी शिक्षा भोगली त्यांना मी घरी परत घेणार. ओझेलाने त्या रात्री आईचे केस विंचरता विंचरता गाणं म्हटलं म्हणे. पण चार वर्षांचा माणूस तिसऱ्या वर्षापासूनच पुढच्या नोकरीकडे बघायला लागतो. साहेब सिनेटच्या मागे लागले, राज्यापेक्षा विमानात जास्त दिसायला लागले. पुठ्ठ्याचा लिफाफा आला: अर्जातील क्रमांक सातची माहिती अपूर्ण असल्याने परत.

क्रमांक सातमध्ये विचारलं होतं, 'आपल्याला मतदानाचा अधिकार का हवा?' तिने लिहिलं होतं, 'कारण तो माझा आहे.'

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ओझेला चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर बोलली, "आजपासून कुठल्याही गव्हर्नरचं पत्र मी उघडणार नाही. भीक मागून झाली. आता त्यांनी माझ्या दारात यावं."

डीकन रॉयस्टर चर्चमधले ज्येष्ठ, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेले. त्यांना प्रत्येक गोष्ट वेळेवर आणि लेखी लागते. ते म्हणाले, "सिस्टर ओझेला, पत्र उघडायला काय जातंय?"

"डीकन, तुमच्या तोंडावर कुणी तीनदा दार आपटलंय का?"

"नाही."

"मग तुम्ही उघडा तुमची पत्रं."

लॉन्झोचं काय झालं, तेही सांगायला हवं. ज्याच्यापायी झाकण उचललं, तो पुढे एका खऱ्या गुन्ह्यात दोन वर्षं आत गेला, सुटला आणि नदीपलीकडच्या राज्यात जाऊन राहिला. तिकडे तुरुंगातून सुटलं की मत आपोआप परत. ना अर्ज, ना गव्हर्नर. दर निवडणुकीला तो फोन करतो. "काय ताई, मत दिलंस का?" आणि हसतो. ओझेला फोन आईकडे देते.

आता पंखे. आमच्याकडे दरवर्षी निवडणूक असते. या वर्षी गव्हर्नर, पुढच्या वर्षी काँग्रेस, त्यापुढे काउंटी म्हणजे जिल्हा, मग राष्ट्राध्यक्ष. शिवाय जूनमध्ये, कधी मार्चमध्येही, पक्षांचे उमेदवार ठरवायचं मतदान वेगळं. ऑगस्टपासून टपालपेटी भरून वाहते. चकचकीत, जाड, वहीच्या पानाएवढे कार्ड, त्यावर दात काढून हसणारे उमेदवार, मागे त्यांची बायको आणि कुत्रा. ओझेलाचं नाव मतदारयादीत नाही, तरी कार्डं येतच राहतात, आईच्या नावाने, तिच्या स्वतःच्या नावाने, मेलेल्या बापाच्या नावाने. ती ती सगळी धुण्याच्या टोपलीत टाकायची. न्यू हेब्रनची थंड हवेची मशीन मेली तेव्हा तिला ती टोपली आठवली. रंगाच्या दुकानात रंग ढवळायच्या फुकट काड्या मिळतात, त्या आणल्या. दोन कार्डं पाठीला पाठ लावायची, मध्ये काडी, कडेने गोंद, वर स्टेपलरच्या चार पिना. असे साठ पंखे केले. पूर्वी अंत्यविधीवाले त्यांच्या जाहिरातीचे पंखे वाटायचे, ते फाटून गेले होते. आता सारं चर्च गव्हर्नर, सिनेटर आणि शेरीफ यांनी वारा घ्यायला लागलं. ओझेला म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा यांचा आपल्याला उपयोग झाला."

त्या टोपलीत जानेवारीत आलेला एक पुठ्ठ्याचा लिफाफाही होता. वरच्या कोपऱ्यात छापलेलं, गव्हर्नरांचे कार्यालय. तिने या जाणाऱ्या साहेबांकडे अर्ज केलाच नव्हता. म्हणजे काय असणार? जाता जाता सगळेच आपला फोटो पाठवतात, आभारासकट. तिने हाताने दाबून पाहिलं. छान ताठ पुठ्ठा, दोन कार्डांची गरजच नाही. दोन्ही बाजूंनी नव्याने निवडून आलेल्या गव्हर्नरचं कार्ड चिकटवलं आणि पिना मारल्या. त्या माणसाचे दात घोड्यासारखे मोठे. आयडेलाला तो पंखा फार आवडला. दर रविवारी बाकावर बसली की हात पुढे करायची, "माझा दातवाला द्या. याच्या दातांतून वारा बरा येतो."

दातवाल्याने खुर्चीवर बसल्यावर काय केलं? आधीच्यांनी जे थोडं सैल केलं होतं ते आवळलं. पुन्हा प्रत्येक अर्ज वेगळा, निकाल कधी लागेल ते सांगणार नाही, कारण सांगणार नाही. ओझेलाने बातमी वाचली आणि नुसती हसली. तिचा काय संबंध?

या वर्षी जुलैत आयडेला न्हाणीघरात पडली आणि खुबा गेला. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो पूर्ण कुठून जुळणार? चाकांची खुर्ची आली. दवाखान्यातून घरी आणताना म्हातारी गाडीच्या फळीवरच्या चिकट्यांवर बोट फिरवत बसली होती.

"झेला, मला वाटतं या नोव्हेंबरचं माझं शेवटचं मत."

"काहीतरी बोलू नकोस."

"बोलतेय ते ऐक. साठ वर्षं होत आली. मी दर वेळी आत जाते, मत द्यायचं शेजारचं खोपटं रिकामं असतं. म्हणजे माणसं असतात, पण माझं कुणी नसतं. एकदा तुला शेजारी बघायचं होतं. बस."

ओझेलाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. वकिलाचा, डेप्युटीचा, तीन गव्हर्नरांचा, आणि सगळ्यात जास्त त्या पोरीचा, जी तेरा नोव्हेंबर 'पुढच्या वेळी' म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने चौथ्यांदा अर्ज आणला. स्वतःची शपथ मोडून. दातवाल्याच्या कार्यालयात फोन केला तर पलीकडची पोरगी म्हणाली, "मॅडम, सध्या आमचं आवराआवरीचं वर्ष आहे. जानेवारीत नवे साहेब येतील."

"म्हणजे तुम्ही बघणार नाही?"

"बघणार नाही असं नाही. खात्री देता येत नाही."

"बाई गं," ओझेला म्हणाली, "तुमची आवराआवर मी पाच वेळा बघितलीय. माझ्या आईला जानेवारी दिसेल की नाही याचीही खात्री देता येत नाही."

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी न्यू हेब्रनमध्ये घरी परतायचा सण असतो. गावं सोडून गेलेली माणसं परत येतात, तळलेली कोंबडी, हॅम, उकडलेल्या शेंगा यांनी टेबलं वाकतात. चर्च गच्च भरलं होतं आणि उकाडा ऑगस्टसारखा. आयडेला खुर्चीत बसून पंखा इतक्या जोरात हलवत होती की शेजारच्या बाईची टोपी हलत होती. गाणं टिपेला गेलं आणि दातवाल्याचा अर्धा चेहरा सुटून लोंबायला लागला.

मागच्या बाकावर डीकन रॉयस्टर. त्यांनी चष्मा पुढे ओढला. सुटलेल्या कार्डाखालून लिफाफ्याचा कोपरा फाटला होता आणि आतून काहीतरी सोनेरी दिसत होतं.

ते वाकून ओझेलाच्या कानात म्हणाले, "सिस्टर, तुमच्या आईच्या हातात राज्याची मोहोर आहे."

"काय?"

"सोनेरी मोहोर. मी बसच्या परवान्यावर बघितलीय. तीच."

स्वयंपाकघरात, कोंबडीच्या ताटांच्या मधे, ओझेलाने भाजीच्या सुरीने पिना उपसल्या. आतून जाड कागद निघाला. मोहोर, तारीख, सही. ओझेला रेणी विन्फील्ड हिचे मतदानासह सर्व नागरी हक्क पुन्हा बहाल करण्यात येत आहेत. एका पिनेने तिच्या नावातल्या 'विन्फील्ड'ला बरोबर मधोमध भोक पाडलं होतं.

तारीख होती जवळजवळ चार वर्षांपूर्वीची. जाणाऱ्या गव्हर्नरचा शेवटचा शुक्रवार. अर्ज न मागता त्याने जुन्या याद्या काढून सह्या मारल्या होत्या. दारात सामानाची गाडी उभी असेल, खोक्यांवर चिकटपट्टी लागत असेल, आणि मग याला ओझेला विन्फील्ड आठवली! चार वर्षं बसला होता तेव्हा काय करत होता?

सगळे कागदावर वाकले. शेवटी डीकन रॉयस्टर म्हणाले, "मी सांगितलं होतं, पत्र उघडायला काय जातंय."

"डीकन, या सुरीने मी आत्ता कोंबडी कापलीय."

ते ताटांमागे सरकले. मग दारातून खुर्चीचं चाक किरकिरलं. आयडेला. तिने कागद हातात घेतला, लांब धरून वाचला, दोनदा वाचला.

"म्हणजे मी चार उन्हाळे तुझ्या मतानं वारा घेत होते?"

"हो गं, आई."

"तरीच," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या पंख्याला एवढा वारा नव्हता."

सगळे हसले. ओझेला हसली नाही. तिला कपाट उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटत होतं, आणि फेकण्याजोगं समोर कुणी नव्हतं. हीच तर खोच आहे. ज्याच्यावर ओरडायचं तो कधीच जागेवर नसतो.

सोमवारी सकाळी नोंदणी कार्यालय उघडायच्या आधी ती दारात. तिथल्या मिसेस ट्रेनम यंत्रात नाव घालून बघत होत्या आणि हातातल्या कागदाकडेही बघत होत्या.

"मिस विन्फील्ड, याला भोकं कशाची?"

"पिनांची."

"आणि हा डाग?"

"कोंबडीचा. हा कागद चालतो का नाही ते सांगा. साहेब तर केव्हाच गेले."

"साहेब जातात. सही राहते." मिसेस ट्रेनम यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "तुमची नोंद आमच्याकडे तेव्हापासून आहे. तुम्ही कधीही येऊन नाव घालू शकला असता."

"तुम्ही कळवलं का नाहीत?"

"पत्र त्यांनी पाठवलं होतं ना."

 ओझेलाने बोटांवर मोजलं. नोव्हेंबर, जून, नोव्हेंबर, मार्च, जून, नोव्हेंबर, जून. सात वेळा ती रेघेच्या बाहेर दुसऱ्यांचे फलक धरून उभी होती, आणि सातही वेळा तिला आत जाता आलं असतं. चाळीस फूट. कुणी अडवलं नसतं.

"सही करा इथे," मिसेस ट्रेनम म्हणाल्या. "आणि मिस विन्फील्ड, मतदानाला आईंना गाडीतच बसू द्या. पासष्टच्या पुढच्यांना आम्ही मतपत्रिका गाडीत नेऊन देतो."

घरी येऊन तिने हे सांगितलं मात्र, आयडेला उसळली. "गाडीच्या खिडकीतून? बर्गर घेतात तसं? मी दीड डॉलरच्या काळातली बाई आहे. मी आत जाणार."

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी ओझेलाने आईला खुर्चीत बसवून अग्निशमन केंद्राच्या आवारातून ढकलत नेलं. रेघेवर डीकन रॉयस्टर फलक धरून उभे होते, तिच्या जागी. त्यांनी टोपी काढली. रेघेपाशी चाकं किंचित अडली, कारण ओझेला थांबली होती.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. सवय."

आत यादीवर पट्टी फिरली. नाव होतं. शेजारी शेजारी दोन खोपटी रिकामी मिळायला दहा मिनिटं गेली, टेबलावरच्या माणसाने दोनदा सांगितलं की कुठलंही चालेल, आणि दोनदा म्हातारीने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

ओझेलाने कागद उलगडला. वर पहिल्याच चौकटीत, गव्हर्नर. दोन नावं.

सत्तावीस वर्षं तिने हा क्षण मनात रंगवला होता, आणि त्यात ती कुणाला निवडत नव्हती, पाडत होती. तेरा पानं परत पाठवणाऱ्याला. 'आणखी वाट पाहावी'वाल्याला. क्रमांक सातवाल्याला. दातवाल्याला. आणि सामान बांधता बांधता जाग आलेल्यालाही. यातला एकही कागदावर नव्हता. असणार कसा? कायद्यानेच बंदी. एक सिनेटमध्ये गेला, एक वकिलांच्या कंपनीत सल्ला देतो, एक आपल्या घोड्यांच्या शेतावर बसून आठवणी लिहितोय म्हणे. त्यांना तिच्या मताची भीती कधी वाटलीच नव्हती, वाटायचं कारणच नव्हतं. ज्याला पुन्हा तुमच्या दारात यायचं नाही, तो तुमच्याकडे बघेल कशाला? आता समोर दोन नवीन नावं, दोघांचे दात व्यवस्थित, आणि दोघांनाही चारच वर्षं. तिने पेन इतकं दाबून धरलं की बोट पांढरं पडलं.

"झेला," शेजारून आवाज आला, सगळ्या केंद्राला ऐकू जाईल असा. "जेवायला बसलीस का? माझं झालं."

"थांब गं. वाचतेय."

"सत्तावीस वर्षं वाचायला नव्हती?"

टेबलावरचा माणूस "बाई, कृपया," म्हणाला. आयडेलाने लक्ष दिलं नाही. पडद्याच्या कडेने तिचा वाळका हात बाहेर आला आणि ओझेलाच्या खोपटाच्या पत्र्यावर दोनदा टकटक करून गेला.

ओझेलाने एक गोल काळा केला. मग उपगव्हर्नर, मग विधानसभेचा सभासद, मग शाळा समिती. कागद यंत्राने गिळला. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि बरंच झालं.

गाडीत बसल्यावर आईने आपली गोल चिकटी फळीवर लावली. मग हात पुढे केला. ओझेलाने आपली दिली नाही. ती बोटावर चिकटवून बघत राहिली.

"रागात आहेस अजून?" आईने विचारलं.

"हो."

"कुणावर?"

"सगळ्यांवर. माझ्यावर."

"असू दे. राग असू दे, पण पत्रं उघडत जा." म्हातारीने पट्टा लावून घेतला. "पुढच्या वेळी मला त्या कडेच्या खोपटात ने. इथे उजेड कमी होता."

पुढच्या वेळी. ओझेलाने गाडी सुरू केली नाही. तिने चिकटी आईच्या चिकटीला अगदी लागून, अर्धी तिच्यावरच चढवून लावली आणि अंगठ्याने घासून घासून बसवली.

"जूनमध्ये आहे," ती म्हणाली. "दुसरा मंगळवार. तेवढी थांब."